विहीणबाईंना घातलेल्या तीन प्रदक्षिणा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९६९

आदरणीय व्याही सुपडूनाना यांस कौतिकचा हात जोडून रामराम.

आपली तब्येत, विहीणबाईंचे गुडघे आणि नव्या गाईचे दूध ही तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही सुखरूप आहोत. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख गेले, पण ते परत येते म्हणतात.

परवा बाजारात आपल्या गावचा भिकन भेटला. त्याने विहीणबाईंचा निरोप सांगितला (आवाजासकट सांगितला, ते काही बरे नव्हे): "व्याहीनी भर रस्तामा मनी चेष्टा करी. आते आखाजीले सून धाडत नही." नाना, लग्नानंतरची आमच्या लेकीची, भागाची, ही पहिलीच आखाजी; अक्षय्य तृतीयेला लेक झोक्यावर नसेल तर ते माहेर कसले? तिच्या आईने झोक्याचा दोर आत्तापासूनच धुऊन वाळत घातला आहे. म्हणून त्या दिवशी काय घडले ते गजाननाला स्मरून लिहितो. वाचून मग आपणच न्याय करावा.

गेल्या वर्षी भागाच्या आईला मुदतीचा ताप आला होता, हे आपल्याला ठाऊक आहेच. वैद्य झाले, डॉक्टर झाले, आणि शेवटी मी पद्मालयाच्या गणपतीला बोललो की, ही उठून बसली तर एरंडोलपासून तुझ्या दारापर्यंत धावत येईन. वाटेत थांबणार नाही, वाहनात बसणार नाही. बाविसाव्या दिवशी ती उठून बसली आणि तिने भाकर मागितली. देवाने आपले काम केले, माझे राहिले.

पण नाना, आपल्या भागात पन्नाशीचा माणूस उगाच धावत नाही. पहिल्या वेळी निघालो तर दोन मैलांवर एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारले, "आबा, कोन वारनं?" कोणी नाही म्हणालो, तर दुःखाने भान गेले असे समजून दोघांनी मला उचलून खिडकीशी बसवले. शेजारची एक बाई पद्मालयाच्या फाट्यापर्यंत माझ्यासाठी रडली. (तिचे भले होवो.) दुसऱ्या खेपेला एका शेतकऱ्याला वाटले की मी चोरामागे धावतो आहे. तो काठी घेऊन माझ्याही पुढे पळत सुटला आणि त्याला परत बोलावण्यासाठी मला थांबावे लागले. दोन्ही वेळा नवस मोडला. देव रागावला नसेल, पण हसला नक्की असेल.

अशात माघी चतुर्थीला तालमीच्या मंडळींनी एरंडोल ते पद्मालय शर्यत ठेवली. छातीवर आकडा असला की कोणी काही विचारणार नाही, म्हणून मी नाव द्यायला गेलो. लिहिणाऱ्याने विचारले, "मुलाचं नाव काय?" मी माझे सांगितले. त्याने माझ्या धोतराकडे पाहिले, एक्केचाळीस आकडा दिला आणि म्हणाला, "आबा, झेपेल तिथवर जा." मी त्याला म्हणालो, "बापू, नवस झेपेल तिथवर फेडता येत नाही."

तरणी पोरे पहिल्या वळणालाच दिसेनाशी झाली. मी कासोटा घट्ट खोवून, अनवाणी, एका श्वासाला एक नाम असा चाललो होतो. तेवढ्यात आपले गाव आले, आणि रस्त्याच्या मधोमध विहीणबाई माझे पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. व्याही दारावरून पाणी न घेता गेला तर दोन्ही घरांची मान खाली जाते, हे मला समजते. थांबलो तर नवस तिसऱ्यांदा मोडतो, हेही समजते. विचार पुरा होण्याआधीच पाय त्यांच्यापाशी पोचले. न थांबता आदर दाखवायचा एकच मार्ग मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी हात जोडले आणि त्यांना प्रदक्षिणा घातली. एक बरी दिसत नाही म्हणून तीन घातल्या. दुसऱ्या फेरीला तांब्या कलंडला, तिसऱ्या फेरीला ओट्यावरच्या बाया हसू लागल्या, आणि मागून शब्द आले, "मी काय पिंपळनं झाड शे का?"

मग मला वेड लागले असे वाटून आपण गादी घालून छकडा मागे पाठवला. गाडीवान दर दहा पावलांवर म्हणे, "बसा आबा, नानानी सांगेल शे." खरे सांगतो, तिथवर माझ्या गुडघ्यांनी बसायचे ठरवलेच होते. पण मानेवर बैलांचा श्वास लागत असताना माणूस बसत नाही. चढ मी त्या बैलांच्या धाकाने चढलो. त्यांना माझ्याकडून पेंड घालावी.

वर पोचलो तेव्हा बक्षिसे वाटून झाली होती आणि मांडवाचे खांब उपटणे चालू होते. मी थांबलो तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीच. गुडघे आपणहून टेकले, त्यामुळे नमस्कार वेगळा करावा लागला नाही.

तेव्हा नाना, ती चेष्टा नव्हती. विहीणबाईंना सांगावे की मी आखाजीआधी भागाला न्यायला येतो. चालत येतो. बसेन, पाय धुऊन घेईन आणि त्या देतील तितके चहा पिईन.

आपला,
कौतिक

ता. क. एक गोष्ट लिहायची नव्हती. तालमीवाल्याने शर्यतीचा मार्ग वाचून दाखवला, त्यात आपल्या गावाचे नाव ऐकले आणि मी नाव दिले. छातीवरच्या आकड्याचे कारण नंतर सुचले. दिवाळीला भागा आली नव्हती. त्या दिवशी शेवटच्या घरापासून ती पदर दातांत धरून दहा-बारा पावले माझ्याबरोबर धावली आणि एकच वाक्य बोलली, "बाबा, आखाजीले माले लेवाले या." (तिला रागावू नये.) तेव्हा उत्तर द्यायला माझ्यात दम नव्हता. हे पत्र म्हणजे तेच उत्तर समजावे.

आणखी एक. पत्र वाचून दाखवल्यावर भागाची आई आत्ता सांगते की, मी त्या दिवशी धडधाकट परतावे म्हणून तिनेही गणपतीला नवस केला होता: दर माघी चतुर्थीला यांना धावत पाठवीन. तरी पुढच्या वर्षी विहीणबाईंनी कृपा करून रस्त्याच्या कडेला उभे राहावे. महादेवाला घालतात तशी अर्धीच प्रदक्षिणा घालीन.