भिंगरीने पळवलेला खडू

ती. आक्कास,

धाकट्याचा कंबर देईल तितका वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरतानाच कुरकुरतात की आता बसल्या जागीही बोलतात? भाऊजींचा खोकला गेला का, आणि गेला असेल तर हल्ली ते पहाटे सगळ्या घराला कशाने उठवतात? भाचीची शाळा कशी चाललीय? (मुख्याध्यापिका झाल्यापासून ती मला पत्र लिहीत नाही, परिपत्रक काढते.) जावईबापूंनी दाढ काढली की अजून तिच्याशी बोलणीच चालू आहेत? मांजरीला पिल्लं किती? इकडे आमची ही ठणठणीत आहे, फक्त चार दिवस माझ्याशी बोलत नाही. मीही बरा आहे, फक्त उजव्या पायाचा अंगठा लिंबाएवढा सुजलाय. दोन्हींचं कारण एकच, ते ओघाने येईल.

भिंगरी गेला त्याला सव्वा महिना झाला. आक्का, अजून रविवारी संध्याकाळी मी दुकानाचं अर्धं दार उघडं ठेवतो, आणि मग ते उघडं का ठेवलं हे मलाच आठवत नाही. तुला तर ठाऊकच, हा माणूस आठवडाभर पायी टपाल वाटायचा आणि सुटीच्या दिवशी विश्रांती म्हणून टेकडी चढायचा! संध्याकाळी केसांत काटक्या घेऊन थेट दुकानात. कापड बेतायच्या टेबलावर खिसे उलटे करायचा (त्याच्या विजारींना सहा-सहा खिसे मीच लावून दिलेले, म्हणजे दोष माझाच), त्यातून दगड पडायचे, आणि एकेका दगडाची कथा सुरू व्हायची. हा झऱ्याजवळचा, हा घारीच्या घरट्याखालचा, यावर बसून मी भाकरी खाल्ली. शेवटी ठरलेलं वाक्य, "पुढच्या रविवारी तू चल." आणि माझं ठरलेलं उत्तर, "एवढे गणवेश उरकू देत." चाळीस वर्षं गणवेश उरकले नाहीत. मी मशीन चालवता चालवता हूं हूं करायचो आणि तो गेला की दगड बरण्यांत टाकायचो. आता शिंपी माणूस बरणी कशी लावणार? बटणांसारखीच. काळे एकीकडे, पांढरे एकीकडे, ठिपक्यांचे तिसरीकडे, चार भोकं कुठल्याच दगडाला नाहीत म्हणून तेवढी बरणी रिकामी.

तर गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर टेकडी चढणारी मंडळी दुकानात आली. पुढे छत्रीवाले मास्तर (ऊन असो नसो, छत्री असतेच), मागे नर्सबाई. म्हणाले, भिंगरीची आठवण म्हणून त्याचा एकेक दगड जिथला तिथे नेऊन ठेवायचा, आणि तिथे उभं राहून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे. कोणता दगड कुठला हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? मी बरण्यांकडे बघितलं. बरण्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या कथांतलं मला फक्त माझं हूं हूं आठवत होतं. पण लाज वाईट गं! मी म्हणून बसलो, "जागा बघितली की सांगतो." झालं, रविवारी मला टेकडीवर न्यायचं ठरलं.

हिला मी सांगितलं की टेकडीच्या पायथ्याशी माप घ्यायला चाललोय. पायात दुकानातल्या सपाता, खांद्यावर पिशवीत तिन्ही बरण्यांतले दगड. (कोणता लागेल कोण जाणे, म्हणून सगळेच.) आक्का, डोंगराला दगड पोचवायला निघालेला माणूस तू बघितला नसशील. मास्तर दर वळणावर छत्रीने दाखवून विचारायचे, "इथला कुठला?" मी एक काळा काढायचो, मान हलवून परत टाकायचो, एक पांढरा काढायचो. मंडळींना वाटत होतं, म्हातारा फार चोखंदळ आहे. अर्ध्या वाटेवर मला आडोशाला जावं लागलं (वयाचं तुला काय सांगायचं). म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दोन मिनिटांनी वळतो तर कुणी नाही, आणि सगळी झुडपं एकाच ताग्यातून फाडल्यासारखी. पुढे गेलो की मागे, हेच कळेना. एकाच खडकाला मी तीनदा भेटलो, तिसऱ्यांदा तर नमस्कार केला. त्याच खडकाला ठेच लागून अंगठा फुटला आणि मी मटकन खाली बसलो.

आणि बसलो म्हणून दिसलं. खडकाच्या पोटाला, जिथे पाऊस लागणार नाही अशा जागी, निळी खूण. मास्तरांना अशा खुणा वाटेत दिसल्या होत्या, ही वात्रट पोरांची कामं म्हणून त्यांनी छत्री आपटली होती. पण आक्का, ती खूण माझ्या धंद्यातली! 'इथे दुमड' याची. मी दुमडलो, म्हणजे वळलो. पुढच्या दगडावर चुणीची खूण, तिथे वाट खरंच तीनदा आत-बाहेर होते. कड्याजवळ दोन समांतर रेघा, म्हणजे माया सोड. शिवणीबाहेर जादा कापड सोडतात ना, तसा कडेपासून हातभर आत सरकून चाललो. खाली बघितलं नाही. घेरी आली, पण बसायला जागा कुठे आहे तेही खडूने दाखवलेलं होतं. असा वाचत वाचत मी थेट झऱ्यावर पोचलो, तिथे मंडळी मला हाका मारून घसा बसवून घेत होती.

खडू माझाच. तो चपटा निळा खडू, जो माझ्या टेबलावरून चाळीस वर्षं नाहीसा होत आला आणि ज्यापायी मी अख्ख्या जगावर संशय घेतला.

मास्तर म्हणाले, वाट चुकू नये म्हणून केल्या असतील. नर्सबाई म्हणाल्या, "ते डोळे मिटून चढायचे हो. खुणा त्यांना कशाला?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. आणि खरंच ठाऊक नव्हतं. घरी येऊन मशीनवर बसलो, सुईत दोरा जाईना, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्या खुणा गावात वाचता येणारा मी एकटाच आहे ना गं.

चार शब्द बोलायचे होते, ते मी बोललो नाही. झऱ्याशी एक ठिपक्यांचा दगड ठेवला. तिथलाच असेल असं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींचे जाड तळव्यांचे बूट ते खोकल्यामुळे वापरत नसतील तर पाठवून दे. नुसते बघायला हवेत.

ता. क. दुसरा. भाची सात वर्षांची असताना सुटीला आली होती, तेव्हा अंगणात घरं आखायला माझा खडू चोरला म्हणून मी तिचा कान पिरगाळला होता. तिला म्हणावं, चोर सापडला. मामा चुकला. तिने वाटल्यास परिपत्रक काढावं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. लहानपणी मी छपरावरून पडलो तेव्हा तू मला तुझ्या गळ्याची शपथ घातलीस की पुन्हा उंचावर पाय ठेवायचा नाही. ती मी रविवारी मोडली (म्हणून तुझ्या तब्येतीची इतकी चौकशी), आणि हिने ती आता माझ्यापेक्षा घट्ट धरलीय. चार दिवस बोलत नाही ती त्यापायीच. झऱ्याच्या पलीकडेही निळ्या खुणा वर जाताना दिसल्या आहेत. सगळ्याच काही आडोशाला नाहीत, पावसाळा लागला की निम्म्या पुसून जातील. तेव्हा बाकी खुशाली सावकाश लिही, पण एका कार्डावर 'शपथ सुटली' एवढे दोन शब्द हिच्या नावाने उलट टपाली टाक. रविवारच्या आत पोचायला हवं. नवा टपालवाला सायकलवरून येतो, तरी भिंगरीपेक्षा उशिराच येतो.