लाटा नसलेलं पाणी

रविवार, संध्याकाळ, रामघाट

समोर गंगेत दिवे तरंगताहेत, तरी डोळ्यांपुढे कोकणच्या समुद्रातला तो शांत पट्टा. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मधलं पाणी मात्र पहाटेच्या गंगेसारखं निवांत. मी तिथेच उतरले. एवढी कशी भुलले? लाटांचं पाणी तिथूनच समुद्रात परतत होतं, त्यानंच आत ओढलं. मी हात मारतेय आणि किनारा लांबच जातोय! मग गंगेत पोहायला शिकवताना बाबा म्हणायचे ते आठवलं, "धारेशी भांडू नकोस, आडवी जा." किनाऱ्याला समांतर पोहत सुटले, पुढे लाटांनीच बाहेर आणलं.

लेक परवा मैत्रिणींबरोबर समुद्रावर निघालीय. फोनवर बजावलं, "लाटा नसतील तिथे उतरू नकोस."

"पण आई, तू तर गंगा पार करतेस!"

करते ना. म्हणूनच तर तो शांत पट्टा मला ओळखीचा वाटला.