आबांच्या फोनची पिशवी

२६ नोव्हेंबर २००७, संध्याकाळ

आज जवळा बाजार गावचा आठवडी बाजार. आबा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

मागच्या बाजारी त्यांचा फोन हरवला. ‘राहू दे, सापडंल,’ म्हणत होते. तरी मी मोबाइल कंपनीतल्या मित्राला शोधायला लावलं. तो म्हणाला, ‘पुसेगावच्या टॉवरवर आहे. दर बाजाराला तिथंच असतो की!’

हे मी विचारलं नव्हतं. पुसेगावला सुमी असते, माझी बहीण. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हापासून आबा या घरात तिचं नाव घेऊ देत नाहीत.

मी गेलो. काय गरज होती? फोन तिच्याकडंच होता, आबा गळ्यात अडकवतात त्या कापडी पिशवीत. तुटलेली नाडी तिनं लाल दोऱ्यानं शिवली होती. कडेवर लेकरू.

‘दादा, तुला कळलं हे आबाला सांगू नको. यायचे बंद होतील.’

घरी म्हणालो, ‘बाजारात चहावाल्याकडं सापडला.’

‘व्हय का,’ आबा म्हणाले. त्यांचा अंगठा लाल दोऱ्यावर फिरत राहिला. चहावाला कशाला नाडी शिवेल, हे मला आधी कसं सुचलं नाही?

आज सकाळी मीच विचारलं, ‘आबा, बाजाराला जाऊन येता का?’

‘काहून? तुला काय काम हाय तिथं?’

मग फोन काढून माझ्यापुढं ठेवला. ‘ठेव तुझ्यापाशी. मला न्हाई लागत.’

पिशवी दिली नाही. आत्ताही अंगणात बसलेत, रिकामी पिशवी गळ्यात घालून.