मला न सांगितलेले नियम

आई, परवा डॉक्टरांनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. रक्तातली साखर वाढली आहे, वजन आठ-दहा किलोंनी उतरवायला हवं, तेव्हा हा कागद फ्रिजवर लावा आणि त्याप्रमाणे जेवा, असं म्हणाले. घरी आल्यावर लेकीनं तो मोठ्यानं वाचायला घेतला. भात मोजून घ्या. आधी भाजी, मग भात. तळलेलं टाळा, रात्रीचं जेवण लवकर उरका, रोज चाला. ती एक ओळ वाचायची आणि पुढची मी सांगायचे, न बघता. ती हसायला लागली, म्हणाली, "आई, तुला हे सगळं येतं, मग अशी कशी झालीस गं?" तिला काय सांगणार? हे सगळं मला पाठ आहे, कारण ते तू मला कधी सांगितलंच नव्हतंस. तू ते दुसरीला सांगत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. आपल्यासाठी सांगितलेलं माणूस विसरतं. दुसऱ्याला सांगितलेलं मात्र जन्मभर लक्षात राहतं.

ती यायच्या आधी आपण दोघीच होतो, आठवतं? बाबा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने ते चिऱ्यांचं घर तुझं नि माझं. तू मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायचीस, मी त्याच शाळेत. तिथे तुला 'बाई' म्हणायला लागायचं, पण संध्याकाळी घरी आल्यावर 'आई' म्हणणारी मी एकटीच होते आणि त्याचा मला कोण तोरा! मग मी अकरावीला गेले त्या जूनमध्ये मामानं आपल्या मुलीला आपल्याकडे ठेवलं. गावात कॉलेज नव्हतं. ती माझ्याच वर्गात बसणार होती. तोवर मामाची साखर इतकी बळावली होती की मुंबईत त्याच्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. आजीही साखरेनंच गेली होती. ती मुलगी एस.टी.तून उतरली ती ट्रंक सांभाळत, दोन पायऱ्या चढून धापा टाकत. तू तिच्याकडे बघितलंस. ती नजर मी ओळखली नाही, कारण माझ्याकडे तू तशी कधी बघितली नव्हतीस. रात्री जेवताना म्हणालीस, "आमच्या माहेरच्या रक्तात साखर आहे. हिला मी त्या वाटेनं जाऊ द्यायची नाय."

मी तेव्हा तिच्याहून दोन किलोंनी जास्तच होते, आई. आणि माझ्यात रक्त होतं ते तरी कुठल्या माहेरचं?

दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं झालं. तुझी पितळेची छोटी वाटी तिच्या भाताची ठरली. दाबून भरायची नाही, शीग लावायची नाही. भाताच्या आधी भाजी नाहीतर कुळथाचं सार. सकाळी नाचणीची भाकरी. मासा तळायचा नाही, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजायचा. मला मात्र तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा, भात हवा तेवढा, वर तुपाची धार. तिला सांगायचीस, "घास गिळून झाल्यावरच पुढच्या घासाला हात लावायचा. हातात तयार ठेवलेला घास तोंडाला घाई करतो." पातेल्यात उरलेला भात संपवायला ती सवयीनं पुढे झाली की तिचा हात धरायचीस, "वाया जाईल म्हणून पोटात टाकतेस? पोट म्हणजे खरकट्याची बादली नव्हे." एकादशीला ती साबुदाण्याच्या खिचडीकडे आशेनं बघायला लागली, तेव्हा तू म्हणालीस, "उपास करून वजन वाढवणारी माणसं आपल्याकडेच! ताक पी, फळ खा." ती काकुळतीला यायची. "आत्ये, माज्या पोटात कावळे वरडतात गो." मग तू तिला पाणी द्यायचीस, दहा मिनिटं थांबायला सांगायचीस आणि त्या दहा मिनिटांत तिच्याशी गप्पा मारत बसायचीस. तिच्या गावच्या, तुझ्या लहानपणच्या गप्पा. तरी भूक राहिलीच तर मूठभर भाजलेले चणे. लोकांना वाटलं असतं की लाड माझे चालले आहेत. ताट माझं भरलेलं होतं ना! पण माझ्यासमोर ताट ठेवून तू तिच्यासमोर बसायचीस. उपाशी तिला ठेवत होतीस आणि भूक मला लागत होती.

दर रविवारी शेजारच्या काकांच्या आंब्याच्या वखारीत तिचं वजन व्हायचं. हंगाम नसायचा, वखार रिकामी, कोपऱ्यात पेंढ्याचे भारे आणि मधोमध पेट्या तोलायचा तो लोखंडी काटा. चप्पल काढून ती त्यावर उभी राहायची आणि तू स्वतः वजनं सरकवायचीस. रोज रोज बघायचं नाही, आठवड्यातून एकदाच, सकाळी, काही खायच्या आधी, हाही तुझा नियम. पाव किलो उतरलं तरी तिच्या पाठीवर थाप. मी पेंढ्यावर बसून असायचे. एकदा काका सहज म्हणाले, "वयनी, आता हिलाही चढवा की काट्यावर." मी चप्पल काढली सुद्धा. आणि तू म्हणालीस, "तिचं राहू दे." चप्पल परत पायात घालताना मला इतकी लाज वाटली की आजही कुठल्या वजनकाट्याजवळ गेले की तेच तीन शब्द ऐकू येतात. मला वाटलं, तू माझी आशाच सोडली आहेस. ती सुधारण्यासारखी, मी नाही.

पण खरी जळायचे मी ती सकाळच्या चालण्यावर. साडेपाचला तुम्ही दोघी मांडवीच्या समुद्रावर निघायचात. भरभर चालायचं, हात मोकळे सोडायचे, पुळणीत चपला हातात घ्यायच्या, वाळूत चाललं की पायांना काम जास्त पडतं. हे तू तिला अंगणात सांगत असताना मी पांघरुणात जागी असायचे. तुम्ही सातला परतायचात तेव्हा दोघींची तोंडं लाल झालेली आणि कसल्या तरी अर्ध्या राहिलेल्या गोष्टीवर हसणं चालू. "काय झालं?" विचारलं की तू म्हणायचीस, "काय नाय गो, असंच." तुमच्यातलं हे 'असंच' मला कधी मिळालं नाही. "मी येऊ?" एवढं विचारायला जीभ रेटली नाही. मला न मागता हवं होतं.

दिवाळीनंतर मी साठांच्या डब्याला हात घातला. मे महिन्यात हापूसचा रस ताटांवर ओतून, गच्चीत वाळवून तू साठं घालायचीस आणि ती डब्यात वर्षभर पुरवायचीस. मी रोज एक तुकडा कागदात बांधून घ्यायचे आणि कॉलेजच्या वाटेवर तिच्या हातावर ठेवायचे. "घे गो, एवढ्याशानं काय होतंय? आईला कशाला कळतंय?" अगदी मायेनं, आई. इतकी माया मी तिला एरवी कधी दाखवली नव्हती. ती आधी घुटमळायची, मग घ्यायची. "मागनं खातंय," म्हणायची आणि दप्तरात ठेवायची. मी मनात हिशोब करायचे की आता काटा वर जाणार, तुझा चेहरा पडणार, आणि एका रविवारी तू थकून म्हणशील की हिच्याच्यानं होत नाही. तर काटा आपला खाली! मी जळफळायचे. मार्चमध्ये एकदाचं वजन अडलं, तीन आठवडे हललं नाही, आणि तू कोड्यात पडलीस. मी देवासमोर साखर ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी मुंग्या निघाल्या. स्वयंपाकघरातून नव्हे, खोलीतून, आणि सरळ तिच्या ट्रंकेत. तू ट्रंक उघडलीस. कपड्यांखाली कागदाच्या पुड्या, शंभरेक तरी असतील, प्रत्येकीत साठाचा तुकडा. तू डबा आणून बघितलास, तो जवळजवळ रिकामा. तू ओरडली नाहीस. खाली बसलीस आणि म्हणालीस, "मागितलं असतंस तर दिलं असतं. चोरून कशाला? मी सकाळी पाच वाजता कुणासाठी उठत होते?" ती उभी राहिली, मान खाली. एकदा माझ्याकडे बघितलं तिनं. एकदाच. मग म्हणाली, "चुकलं, आत्ये."

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. साठं खाल्ली असती तर ट्रंकेत असती कशी? न खाता तिनं ती साठवली होती. ज्यांच्या घरी राहतो त्यांनी हातावर ठेवलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नाही, अशा वळणात ती वाढलेली. घेणं भाग होतं, तुझा नियम मोडणं शक्य नव्हतं आणि अन्न टाकायचं तर पाप. म्हणून ट्रंक. वर्गभर मुलींना आहाराचा हिशोब शिकवणाऱ्या तुला एवढं साधं दिसलं नाही, कारण तुला दुखावलं होतं. मला स्वच्छ दिसत होतं आणि मी गप्प बसले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

परीक्षा झाली तशी ती गावी गेली. जूनमध्ये मामाचं पत्र आलं, आता ती यायची नाही, आत्याला त्रास नको. तिच्या गणिताच्या वहीवर आमचे सर 'उत्तम' लिहायचे. तिची बारावी राहिली ती राहिलीच. दोन वर्षांनी लग्न झालं, नवरा लोट्याच्या कंपनीत पाळीवर, संसार खेडला.

आणि मला जे हवं होतं ते मिळालं. ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी तू माझ्या पांघरुणाला हात लावलास, "चल, येतेस?" त्या एप्रिल-मेमध्ये चाळीसेक सकाळी मी तुझ्याबरोबर मांडवीला चालले. तू फारसं बोलायची नाहीस. मला एकही नियम सांगितला नाहीस. एकदा मध्येच थांबून म्हणालीस, "पोर भरभर चालायला शिकली होती, नाय?" मी "हो" म्हटलं. चालत माझ्याबरोबर होतीस, आई, पण जोडी तिचीच होती. तरीही माझ्या आयुष्यात तेवढं सुख कमी वेळा आलं आहे.

तू शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हा ती खेडहून आली, पंधरा दिवस राहिली. साठीकडे झुकलेली बाई, शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत, साखर औषधालाही नाही. तिच्या भाताची वाटी अजून तेवढीच आहे. ती तुला चमच्यानं पेज भरवायची आणि तू तोंड उघडायचीस. मी भरवायला गेले की ओठ मिटायचीस. एका दुपारी तू झोपली असताना ती मला म्हणाली, "तुला ठाव हाय काय, आत्या तुज्या ताटाला हात का लावीत नव्हती?" आणि मग माझीच गोष्ट मला सांगितली. दोन वर्षांची असताना मला टायफॉईड झाला होता, महिनाभर पोटात काही राहत नव्हतं, हाडांची मोळी झाले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा तू देवाला बोलली होतीस की ही जगली तर हिच्या पुढ्यातलं अन्न मी कधी मागे ओढणार नाही. "चालताना सांगितलंन मला. तुला सांगू नको म्हणाली, तुला वाईट वाटंल." मला रडू यायला हवं होतं. आलंही, नंतर. पण आधी मनात आलं ते हे, की माझं मरणसुद्धा तू तिला सांगितलंस.

हे लिहून झालं, पुन्हा वाचलं, आणि लक्षात आलं की हे जायला हवं खेडला. तुला आता याचा काय उपयोग? पत्ता मला पाठ आहे. पाकीट आणलं होतं, त्यावर तिचं नाव घातलं आणि फाडून टाकलं. पाठवलं तर दुसऱ्या दिवशी तिचा फोन येईल. "असू दे गो, पोरवय होतं," म्हणेल आणि हसेल. क्षमा करणं तिला नेहमीच सोपं गेलं आहे, आणि तो मोठेपणाही तिच्याच पदरात पडेल. तेवढं मी तिला देणार नाही. मी वाईट वागले हे मला कळतं, तिचं शिक्षण गेलं हेही कळतं. पण आई, कागदावर खोटं कशाला लिहू? उद्या सकाळी साडेपाचला तू पुन्हा माझ्या पांघरुणाला हात लावणार असशील, तर मी पुन्हा गप्प बसेन.