काळ्या चौकटी

परतूर,
दि. ४ सप्टेंबर १९८८

ती. सौ. शरयूताईस,
धाकट्या भालचंद्राचा सा. न. वि. वि.

आपल्या हस्तलिखित ‘भरारी’चा अंक बुकपोस्टानं वेगळा धाडला आहे. या खेपेला फार उशीर झाला, राग धरू नकोस. शाळेत चाचण्या चालू आहेत, चित्रकलेचा तास हमखास गणितवाले घेतात, तरी मला वेळ पुरत नाही. आळस वाढला म्हण.

चित्रकथांतल्या पोशाखी वीरांच्या इतिहासाचं नवं प्रकरण लिहिलंय. तिकडे अमेरिकेत दुसरं महायुद्ध संपलं आणि या वीरांना कोणी विचारेना. मासिकं धडाधड बंद पडली. काही गावांत तर मोठ्यांनी पोरांकडून चित्रकथांच्या होळ्या करवल्या. पुढं पोरं मोठी झाली, जुन्या वीरांच्या आठवणीनं घरच्या घरी अंक काढून एकमेकांना टपालानं पाठवू लागली, आणि वीर परत आले. आपण चौघं करतो तेच. फक्त आपला अंक एकुलता एक, हाती लिहिलेला. माझ्याकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून बियाण्याच्या कंपनीतल्या मच्छिंद्रकडे, मग भोकरदनला देवानंदकडे आणि परत परतूरला.

आपला उडता वीर गगनराव या अंकात पार अडकलाय. नियम तुला ठाऊकच आहे. अडकवणाऱ्यानं उपाय सांगायचा नाही, सोडवणाऱ्यानं कारण विचारायचं नाही. या वेळी जरा जल्दी सोडव, एवढंच म्हणतो.

रमा नमस्कार सांगते. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भालचंद्र

नवीन जालना,
दि. ११ डिसेंबर १९८८

चि. भालचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जल्दी म्हणालास आणि मी तीन महिने लावले. पण असला पेच घाईनं सोडवणं म्हणजे पेचाचा अपमान. गगनराव डोंगरावरून उडतो इथवर चित्रं, आणि पुढची चार पानं नुसत्या काळ्या चौकटी! बँकेत जेवणाच्या सुट्टीत अंक उघडला आणि डबा तसाच राहिला. मच्छिंद्र म्हणाला की अशी युक्ती मुंबईच्या छापखानेवाल्यांच्या बापाला सुचली नसती. मला भावाचा फार अभिमान वाटला, आणि तो मी बँकेत सगळ्यांना ऐकवला.

मी त्यापुढच्या पानावर गगनरावाच्या हातात कंदील दिलाय. मच्छिंद्रनं डोंगरावर दिवाळीच्या पणत्या मांडल्या. देवानंदचं कार्ड आलं, त्यानं वीज पाडली म्हणे आणि अंक तुझ्याकडे रवाना केला. कोणाचा उजेड पटतो ते कळव.

तुझ्या अक्षराला मात्र काय झालंय? ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, शेवटचा शब्द कागद सोडून टेबलावर गेला असावा. रमा वरण फार पातळ करते, त्यामुळं ओळी वाहत असतील. चौकटींचं कारण विचारायचं नाही, म्हणून विचारत नाही.

दोघं सांभाळून राहा. पत्रांत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
शरयूताई

परतूर,
दि. १५ जानेवारी १९८९

ती. सौ. वन्संना,
रमाचा शि. सा. न. वि. वि.

मी लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मोडते.

वन्सं, यांचे डोळे गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आता समोरचंही धुकट. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतला पडदा वाळत चाललाय, ऑपरेशन नाही, चष्मा नाही. शाळेत फळ्यावर चित्र काढता काढता खडू भिंतीवर गेला आणि पोरं हसली. तेव्हापासून रजेवर आहेत. रजा संपल्यावर काय, ते कोणी बोलत नाही.

त्या चौकटींत आधी गगनराव काढायला बसले होते. रेघेला रेघ भिडेना. मग शाईची बाटली घेतली आणि एकेक चौकट भरत गेले. मी विचारलं तर म्हणाले, “मला काळंच दिसून राह्यलं, मंग काळंच काढलं.” तुम्हाला बराबर कळेल अशी त्यांना खात्री होती.

अंक परत आला तो मीच सांगितला. कंदील सांगितला, पणत्या सांगितल्या, वीज सांगितली. आणखी काय आहे म्हणाले. मी म्हटलं, एवढंच. तेव्हा म्हणाले, “ताईला कळलं न्हाई,” आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर शाईला हात लावलेला नाही. कपाटातली सगळी चित्रकथांची पुस्तकं रद्दीत घाल म्हणतात. मी आज घालते, उद्या घालते करते आहे.

तुमचं पत्रही मीच वाचलं. वरणाचं ऐकून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तेवढं मी पुन्हा वाचलं.

काय करावं ते सुचत नाही. आमच्यावर लक्ष असू द्या.

तुमची,
रमा

नवीन जालना,
दि. २३ जानेवारी १९८९

चि. भालचंद्र यास आशीर्वाद. रमा, तुलाही, कारण हे तूच वाचणार आहेस. शपथ मोडलीस ते बरं केलंस. भालचंद्र, तिच्यावर चिडू नकोस.

यापुढं तुला काहीही लिहायचं तर रमाच्या तोंडून लिहावं लागणार, हे मला चार-पाच दिवस पचलं नाही. बायकोच्या वरणाची चेष्टा बायकोनंच वाचून दाखवायची, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. रमा, तुझं वरण चांगलं असतं.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना तुझं सगळं सांगून आले. औरंगाबादवाल्यांनी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. दुसऱ्याकडे गेले, तोही तेच म्हणाला. खोटा धीर तुला देणार नाही. गगनरावाला सोडवायला मला जमलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हरले, आणि हरायची वेळ ही नव्हती.

तरी पाळी माझी आहे, म्हणून सोबत एकच पान धाडते. त्यात तुझ्यासारखीच काळी चौकट आहे. आत गगनराव बसलाय आणि त्याच्याशेजारी एक बाई बसली आहे. काळ्यावर काळ्या शाईनं काढलीय. रमाला ती दिसणार नाही, मच्छिंद्रला, देवानंदला दिसणार नाही. काढली मी, पण शाई वाळल्यावर मलाही सापडली नाही. तिच्या हातात कंदील दिलेला नाही.

पुस्तकं मी येईपर्यंत रद्दीत घालू नका.

वीरांना कोणी विचारेना म्हणून ते संपले, असं तू लिहिलंस. मी ते आवडीनं वाचलं आणि तुलाच विचारलं नाही. कारण न विचारण्याचा तो नियम आज मोडते. भालचंद्र, आत्ता तुला काय काय दिसतं? अजून किती दिवस दिसेल? भीती वाटते का? याचं उत्तर रमाकडून लिहवून घेऊ नकोस. मी शनिवारच्या गाडीनं येते, मला सांग.

जीव लावून आहेस तसाच राहा.

तुझी,
शरयूताई