मैदान आपलंच राहिलं

बाई, आज मैदान वाचलं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरेना, म्हणून कप झाकून ठेवून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्यानंतर शाळा बरीच वाढली. अडत दुकानामागच्या ज्या गोदामात आम्ही करडईच्या पोत्यांना टेकून भूगोल शिकलो, ते केव्हाच पाडलं. आता दुमजली इमारत आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला नळ आहे आणि त्याला पाणीही येतं. ग्रंथालयाच्या कपाटांना कुलूप नाही. मुख्याध्यापिका झाल्यावर मी आधी तेच काढलं. बदललं नाही ते तुमचं खो-खोचं मैदान, आणि शनिवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा तिथे, शिक्षकांसकट, हा तुमचा नियम. तेव्हा चाकूरच्या मुली सातवीनंतर घरी बसत. तुम्ही आईबापांना भाषणं दिली नाहीत, चुना आणून रेघा मारल्या. 'पळायला मिळालं की येतात,' म्हणालात. आल्या. मला अजून दिसतं, मी मात्र कडुलिंबाखाली पुस्तक घेऊन उभी आहे, आणि तुम्ही पदर खोचून माझ्याकडे येता. 'पुस्तक कुठं पळून चाललंय का? ठेव ते. तू पळ.'

त्याच मैदानावर संस्थेला पत्र्याचा हॉल बांधायचा होता, प्रवेश परीक्षांच्या वर्गांसाठी. आज सकाळी पालकसभेत अध्यक्षांनी विषय काढला. "मॅडम, लातूरला लेकरं पहाटेपासून क्लासला बसून राहिलीत. आपली काय खो-खो खेळून डॉक्टर होणारेत?" मी उत्तर दिलं. मुद्देसूद दिलं, पण माझं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. वर्गाला दटावल्यासारखं होतं. हात वर करायला सांगितले असते तर मैदान तिथेच गेलं असतं.

तेवढ्यात मागून एक आई उठली. शेतातून थेट आली होती, चपलांना काळी माती.

"साहेब, मी इथंच खेळले. उमरीच्या पोरींना हरवून आलो तवा बापानं मला दहावीला बसू दिलं. पोरगी डॉक्टर व्हावी, मला बी वाटतंय. पर हाल वर बांधा, गच्चीवर. खाली पळू द्या."

"व्हय, आन पळताना पडली, हातपाय मोडला तर?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"पडली तर उठंल की! साहेब न्हाई का दोनदा इलेक्शनला पडले? बसलेत की खुर्चीवर!"

बाई, सभा अशी हसली की खिडकीत बसलेली कबुतरं उडाली. आधी अध्यक्ष दचकले, मग तेही हसले. हात वर झाले, मुख्य म्हणजे बायकांचे, आणि हॉल गच्चीवर गेला.

त्यानंतर शनिवारचा शेवटचा तास. नववीच्या मुली ऑफिसच्या दारात. "मॅडम, आज तुम्ही पण." इतकी वर्षं तुमचा नियम मी हातात शिट्टी धरून पाळला, पंचही मैदानावरच असतो, हे माझं उत्तर तयार असे. आज शिट्टी शिपायाकडे दिली आणि पदर खोचला. मधल्या पाटीवर, मुलींच्या रांगेत बसताना गुडघा कडकन वाजला. पाठीवर थाप पडली, "खो!" मी उठले, धावले, आणि उलटी वळले. "मॅडम, फाउल!" सगळं मैदान ओरडलं. माझी चूक इतक्या मोठ्यानं या शाळेत आजवर कुणी काढली नव्हती. मी परत फिरले, पुढच्या मुलीला खो देऊन तिच्या जागी बसले. मुलींना हसू आवरत नव्हतं. मलाही नाही.

हे पत्र कुठे पाठवू? खणात ठेवते, शिट्टीशेजारी. एवढंच तुमच्या कानावर घालते, कारण शाळेत कुणाला सांगता येणार नाही. वेळेच्या बाबतीत मी कशी आहे हे सगळे जाणतात. तास संपला तेव्हा शिपाई घंटेपाशी जाऊन माझ्याकडे बघत होता. मी बसल्या जागेवरून त्याला हातानं थांबायला सांगितलं. मला अजून एकदा खो मिळायचा होता.