तोंडात जे जाईल ते

१२ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ. फोनवर बोललं की आत्या ऐकते. डोळे अधू झाले असले तरी तिचे कान शाबूत आहेत. आज जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे, म्हणून पत्र.

काल रक्ताचा रिपोर्ट आणला. सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही, असं कळल्यापासून आठ महिने मी गव्हाला शिवलेलो नाही, आणि आकडा शहाण्णववरून कुठे आला, तर एक्क्याण्णववर. तो दहाच्या खाली हवा. पोटाचे डॉक्टर म्हणाले की कुठून तरी गहू आत जातोय. मी नाही म्हटलं, तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, चोरून खाऊ खाल्लेल्या पोराकडे बघतात तसे. एप्रिलअखेरीस पुन्हा तपासणी आहे. तेव्हाही आकडा उतरला नाही तर पुन्हा दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढायचा आणि स्टेरॉइड सुरू करायचं, असं त्यांनी सांगितलंय. वजन आणखी चार किलोनं उतरलंय. पुस्तकांचा गठ्ठा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे असंच चाललं तर बाबांचं बाइंडिंगचं दुकान मला चालवता येणार नाही, हे तुला म्हणून सांगतो.

मी किती जपतो ते तुला ठाऊक आहे. वाण्याकडे एक वस्तू घ्यायला गेलो तरी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत अर्धा तास उभा राहतो. सॉसमध्ये गहू, सूपच्या पुडीत गहू, परवा तर सॉसेजमध्ये निघाला. गव्हाविना केलेला पाव मिळतो, पण तो खाताना वाटतं, मी पुठ्ठ्यातला माणूस खरा, पण निदान जेवायला तरी तो नको. वाचनालयाच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपाला केक कापला. मी नको म्हटल्यावर चार जणांनी सांगितलं की एवढ्याशानं काय होतंय. पाचवा म्हणाला की हे सगळे मनाचे खेळ आहेत. त्याची कणीक तिंबावी असं मनात आलं, पण आता माझ्या नशिबात तेवढी कणीकसुद्धा नाही.

आता आत्या. मी माझा तवा, चाळणी, पातेली सगळं वेगळं केलं. माझ्या सोळा डब्यांसाठी दुकानात बसून 'फक्त बारक्याचे' अशा लाल चिठ्ठ्या सुबक अक्षरात लिहिल्या आणि खळ लावून अशा चिकटवल्या की डबा फुटेल पण चिठ्ठी निघणार नाही. तिनं त्या सोळाच्या सोळा सुरीनं खरवडून काढल्या. का, विचारलं तर म्हणे त्यांचा भुगा पिठात पडतो. गेल्या आठवड्यात तिच्या स्वेटरच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला. ती जिन्यात बसून खाते आणि मग चूळ भरून वर येते, हे तिनं कबूलही केलं. त्याच हातांनी ती माझा तांदूळ धुते. तिला दिसत नाही आणि ती ऐकत नाही, अशा माणसाच्या हातात मी माझं पोट किती दिवस ठेवू?

ताई, तिला तुझ्याकडे ने. निदान एप्रिलपर्यंत. आकडा उतरला तर पुढचं पुढे बघू.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या पोटासारखा रुसू नये ही विनंती.

तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं, म्हणजे सुरीनं फोडून मिळवलं. तू पाकिटं असली बंद करतोस की आत खजिना असावा असं वाटतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला तुझ्या बोटाचा डाग आहेच. चौथीतल्या माझ्या मुलांच्या वह्या बऱ्या म्हणायची वेळ आणलीस.

रिपोर्टचं वाचून जीव खाली-वर झाला. तुझी हाडं दिसायला लागली आहेत हे मला मागच्या फोटोतच कळलं होतं, मी बोलले नाही. पण तू आत्याबद्दल जे लिहिलंस त्याचा मला रागही आला, तो लपवत नाही. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. आत्या तिची नर्सची नोकरी सोडून आली आणि तिनं आपली उष्टी काढली. तू गोवरात आठ दिवस काही खाल्लं नाहीस, तेव्हा ती चमचा धरून बसायची आणि तू तो उडवून लावायचास. त्या बाईला एका बिस्किटापायी घराबाहेर काढायचं, हे मला पटत नाही.

तरी तिला घेऊन येते. तू बरोबर आहेस म्हणून नव्हे. तू रोज तिच्या हातांकडे संशयानं बघतोस आणि तिला ते कळत असणार, म्हणून. सव्वीस तारखेला दाजी गाडी घेऊन येतील. तिला काय सांगायचं ते तू सांग, ते काम मी करणार नाही.

तब्येतीला जप. ताई रागावली तरी ताईच असते, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
ताई


२८ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

आत्या सुखरूप पोचली हे दाजींनी कळवलं. तिनं तिथे काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. इथे मी सांगितलं की ताईला शाळेच्या परीक्षांमुळे मदत हवी आहे. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ताईच्या घरी तरी तिला तांदूळ धुऊ देणार आहेत का. त्यानंतर तिनं एक पिशवी भरली. तिची जुनी केकची भांडी फळीवरच राहिलीत. गाडीत बसताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी हात हलवत होतो, तो तसाच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून स्वयंपाकघर धुतलं. फळ्या गरम पाण्यानं, डबे आतून साबणानं. डब्यांना पुन्हा लाल चिठ्ठ्या लावल्या. आता घरात गव्हाचा कणही नाही आणि माणूसही नाही. दोन्ही वेळा तोच भात, तीच अंडी, तेच बटाटे. चव कुठली असायला, मी रागानंच शिजवतो.

मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण वाईट वाटून घेत बसलो तर पोटाचं कोण बघणार? एप्रिलमध्ये आकडा काय तो निकाल देईल.

दाजींना नमस्कार. आत्याला काय सांगायचं ते सुचलं की लिहीन.

तुझा,
बारक्या


१५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दीड महिन्यात तुझ्या दोन ओळी आल्या, त्याही दाजींच्या गाडीच्या टायरबद्दल. म्हणून मीच लिहिते.

आत्या बरी आहे. मुलांना शिस्त लावते, दाजींना इस्त्री कशी करावी ते शिकवते. मात्र एक गोष्ट मला बघवत नाही. आल्यापासून तिनं पाव, केक, बिस्किट कशालाच हात लावलेला नाही. इथे तर कुणालाच पथ्य नाही. मी खूप खोदून विचारलं, तर म्हणाली की बारक्याच्या मते तिच्या हातात गहू आहे, तर तो आधी पुरता निघून जाऊ दे. आणि पुन्हा विणायला लागली. दिवसातून किती वेळा हात धुते ते मी मोजायचं सोडून दिलं.

यावर मी काही म्हणत नाही. तूच वाच आणि तूच काय ते ठरव.

तुझी,
ताई


२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आकडा एकशे चार.

उतरला तर नाहीच, वर चढला. तीन महिने मी एकट्यानं शिजवलेलं खाल्लं, बाहेर पाणीसुद्धा प्यायलो नाही, आणि एकशे चार. मी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं असं करू नये, पण केलं. कागद उडाले, ते मीच गोळा करून दिले. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी दुर्बिणीची तारीख दिली, वीस मे. आणि तोवर सात दिवस तोंडात जे जाईल ते सगळं लिहून काढा म्हणाले.

मी ते आजारापेक्षा काटेकोरपणे केलं. सोबत यादी जोडली आहे. तू गणिताची आहेस, तुला चूक दिसते का बघ. सकाळी अंडी दोन, बटाटा, चहा. मग दुकान. गेल्या आठवड्यात न्यायालयाच्या नोंदवह्या होत्या, तीनशे पानांच्या चाळीस. पानं मोजायची, शिवायची, खळ शिजवायची, पुठ्ठे चढवायचे, त्यात दिवस जातो. दुपारी घरचा डबा, भात आणि भाजी. दुकानात दुसरं काही खात नाही. संध्याकाळी भात, मासा. दातांची पेस्टसुद्धा लिहिली आहे, तिच्या कंपनीला विचारून. सात दिवस, एकवीस जेवणं, कुठेही गहू नाही.

मग हा येतो कुठून? माझी जिरली आहे, ताई. आत्याला दोष देत होतो तेव्हा निदान दोष द्यायला कोणी तरी होतं. आता समोर फक्त मी आहे, आणि माझ्यात मला काही सापडत नाही.

हे पत्र आत्याला दाखवू नकोस. किंवा दाखव. मला काही कळेनासं झालंय.

तुझा,
बारक्या


४ मे

चि. बारक्यास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आलंय. ताई लिहून देत होती, पण हे मलाच लिहायचं होतं.

ताईनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं, तू दाखवू नको म्हणाला होतास ते वाक्य धरून. मग मी ते हातात घेतलं. मला अक्षर दिसत नाही, पण बोटांना कळतं. पाकिटाचं तोंड टणक लागलं आणि नखानं खरवडलं तर पांढरा भुगा पडला. तुझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांमधून पडायचा तोच. पानांचे कोपरे आखडलेले लागले. मी ताईला विचारलं, हा अजून बोट चाटून पानं उलटतो का. ती म्हणाली, डाग तर आहेत.

बारक्या, खळ कशाची करतात? तुझा बाप मैदा पाण्यात कालवून शिजवायचा, तूही तेच करत असणार. दिवसभर त्या खळीत बोटं आणि दिवसभर ती बोटं जिभेवर. तीनशे पानांच्या चाळीस वह्या, हे तूच लिहिलंस. यादीत तेवढंच लिहायचं राहिलं. काखेत कळसा आणि माझ्या स्वेटरचे खिसे उलटे करून झाले.

तुझ्या या खोडीसाठी बापानं तुला पट्टीनं मारलंय. नंतर तो दमला. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विष. पोरगा बोट चाटायचं सोडत नाही, म्हणून त्यानं मोरचूदच सोडलं. गिऱ्हाइकं ओरडली, त्यानं ऐकून घेतलं. मैद्याचं भय तेव्हा त्याला काय माहीत, आणि मला तरी काय माहीत. मी नर्स होते आणि तुझ्या घरात आठ महिने गप्प बसून होते, याचा मला राग येतो. तुझा येतो त्याहून जास्त.

डॉक्टरांना हे सगळं सांग. लाजू नकोस.

मी इथे बरी आहे. तुझा लोभ नाही असं मी कधीच धरलं नव्हतं.

तुझी,
आत्या


१० मे

तीर्थरूप आत्यास,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं. वाचता वाचता पहिलं पान उलटायला बोट जिभेकडे गेलं. तिथेच थांबलो.

मैदा मीच आणतो, मीच शिजवतो, दर आठवड्याला एक पिशवी. वाण्याकडे सॉसच्या बाटलीवरची अक्षरं वाचणारा मी, त्या पिशवीवर एकदाही नजर टाकली नाही. तो मला कधी खाण्याचा वाटलाच नाही, तो माझ्यासाठी खळीचा होता. आणि त्याच खळीनं मी माझ्या डब्यांवर गहू नाही म्हणून चिठ्ठ्या चिकटवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मला आता शिकायला नको.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दुर्बीण पुढे ढकलली आहे, ऑगस्टमध्ये रक्त तपासून मग ठरवू म्हणाले. खळीचं पातेलं, ब्रश, उरलेला मैदा सगळं बाहेर काढलं. आता तयार डिंक आणलाय. त्याला वास येतो आणि तो लवकर वाळतो, पहिली तीन पुस्तकं वाया गेली. टेबलावर ओला स्पंज ठेवलाय. बोट अजून दहादा तरी तोंडाकडे निघतं, पट्टी घेऊन कोणी उभं असतं तर बरं झालं असतं.

मग घरी येऊन चिठ्ठ्या काढल्या. त्यासाठी डबे पहिल्यांदाच उलटे केले. सोळाही डब्यांच्या बुडाला खिळ्यानं कोरलेलं आहे, बारक्या. काही ठिकाणी ब वर बसला आहे आणि क खाली गेलाय. चिठ्ठ्या खरवडल्यावर तू हे केलंस, बोटांनी ओळखता यावेत म्हणून. मी तुला कारण विचारलं ते ओरडून विचारलं, आणि तू पुढचं सांगायच्या आत दार आपटून निघून गेलो. गेल्या जानेवारीपासून मी माझं नाव पालथं ठेवून जेवतोय.

आत्या, मी चुकलो. याला जोडायला दुसरं वाक्य माझ्याकडे नाही.

आकडा उतरेल की नाही ते ऑगस्टमध्ये कळेल. तू त्याची वाट बघू नकोस, त्याआधी ये. तो चढला तरी ये. रविवारी दाजींना यायला जमेल का ते ताईला विचारायला सांगितलंय. तुझी केकची भांडी घासून ठेवली आहेत. केक जिन्यात बसून नको, टेबलाशी बसून खा. मी समोर माझा पुठ्ठा खाईन. आणि तांदूळ तूच धू.

तुझा,
बारक्या

ता. क. हे पाकीट चिकटवलेलं नाही, शिवलंय. पुस्तक शिवतो तशी पाच टाक्यांची शिवण घातली आहे, बोटांना लागेल. दोरा कात्रीनं काप, दातांनी तोडू नकोस.